पहिली सही

(भाईंदर पश्चिम, १९७६. मोरव्याच्या वाटेवर, मिठागराच्या कडेला सरकारने बांधलेली कामगार वसाहत. चाळ दोन, खोली अकरा. दुपार. सरूबाई शिगवण आणि वसाहतीच्या ऑफिसातून चौकशीला आलेले टिपणीस.)

टिपणीस : म्हणजे ही सही तुमचीच.

सरूबाई : माझीच. सरस्वती लवू शिगवण. माझा 'स्व' असाच येतो, पोटात गाठ मारल्यासारखा.

टिपणीस : अर्जावर साठ नावं आहेत. त्यातले चाळीस तर अंगठेच. तुमची सही सगळ्यांत वर, म्हणून आधी तुमच्याकडे आलो. अर्ज वाचून दाखवला होता कुणी?

सरूबाई : वाचून कशाला दाखवायचा? मी चौथी शिकलेय, गुहागरात. मीच वाचला.

टिपणीस : घाई करू नका. कोऱ्या कागदावर सही घेतली, मजकूर मागाहून भरला, असं काही झालं असेल तर मला तसं लिहिता येतं.

सरूबाई : तुम्हाला लिहिता येईल. पण तसं झालं नाही.

टिपणीस : बरं. मग अर्जात काय होतं ते तुमच्या तोंडून सांगा.

सरूबाई : चाळ दोन, खोली सोळा. ह्युबर्ट बोर्जिस आणि त्याची बायको कॉनी. घरात दारू गाळतात, बाहेरची माणसं आणतात, नळावर मारामारी करतात, बायामाणसांना वाईट बोलतात. समाजकंटक आहेत. त्यांची खोली रद्द करून वसाहतीला शांतता द्यावी. एवढंच.

टिपणीस : आणि हे खरं होतं?

सरूबाई : चहा ठेवू का, साहेब?

टिपणीस : नको. येतानाच समितीच्या दाजींकडे झाला. त्यांनी स्टेशनावर माणूस पाठवला होता मला घ्यायला.

सरूबाई : पाठवणारच. तुमच्या ऑफिसात कागदावर तारीख पडते ना, त्याच दिवशी ती इथे कळते.

टिपणीस : सरूबाई, कॉनीबाईंचा उत्तनहून अर्ज आलाय. खोली परत मागतायत. त्यात शेवटी त्यांनी लिहिलंय, अकरा नंबरच्या सरूबाईला विचारा, ती खोटं सांगणार नाही. बहुतेक त्यांना ठाऊक नसावं, त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर पहिली सही कुणाची होती ते.

सरूबाई : तिला ठाऊक आहे. दाजींनी अख्खा अर्ज तिच्यासमोर मोठ्याने वाचला होता, नावांसकट.

टिपणीस : तरी असं लिहिलं?

सरूबाई : तरी लिहिलंन.

टिपणीस : पाणी घ्या थोडं. मला घाई नाही.

सरूबाई : मला आहे. पण मी पहिल्यापासून सांगणार. मधूनच सुरुवात केली तर दाजी वाईट दिसतील आणि मी चांगली दिसेन. तसं ते नाही.

टिपणीस : सांगा. मी लागेल तेवढंच टिपून घेतो.

सरूबाई : आम्ही इथे अडुसष्ट साली आलो. त्याआधी मिठागरावरच झोपडं होतं. लवू, म्हणजे माझे मालक, भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला आहेत. सोडतीत नंबर लागला तेव्हा त्यांनी आत येऊन ही भिंत हाताने थापटून बघितली. म्हणाले, पक्की आहे. वर्षभर बरं गेलं. मग चार नंबरच्या चाळीत शेवटच्या खोलीत धाकू आला. खोली दुसऱ्याच्या नावावर, राहायला हा. त्याने हातभट्टी लावलीन.

टिपणीस : ती तक्रार फाइलला आहे. तीन अर्ज आहेत तुमचे.

सरूबाई : तीन नाही, पाच. दोन हरवले असतील. दिवे लागले की आमची बाई नळावर जायची नाही. संडासला जायचं तर चौघी मिळून जायचो. माणसं नळाच्या ओट्यावर आडवी पडलेली असायची, ओकलेली. पोरींना कुणी काय बोलायचं ते तुमच्यासमोर सांगत नाही. एकदा एक नंबरच्या विमलाबाईच्या डोक्यात बाटली बसली. सात टाके. पोलीस आले, बघून गेले. तुमच्या ऑफिसातून पत्र आलं, कार्यवाही चालू आहे.

टिपणीस : हो. तसं पत्र आहे.

सरूबाई : दाजी त्याच वर्षी एक नंबरच्या चाळीत राहायला आले. गिरणीत जॉबर होते, माणसं कामाला लावणारे, रिटायर झालेले. विडीसुद्धा ओढत नाहीत. त्यांनी पाण्याच्या टाकीखाली सभा घेतली आणि विचारलं, सरकार करत नाही तर आपण करायचं की नाही? पुरुष सगळे खाली बघत बसले. त्यात माझे मालकही होते. मग मी उठले. म्हटलं, तुम्ही येऊ नका, बायका जातात.

टिपणीस : आणि गेलात?

सरूबाई : दुसऱ्या दिवशी भर दुपारी. तीस जणी होतो. कुणाच्या हातात मुसळ, कुणाच्या हातात संडासातला खराटा. अकरा मडकी फोडली आम्ही. महिनाभर लुगड्याचा वास गेला नाही. धाकूने सुरा काढलान. तेव्हा दाजी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून. म्हणाले, आधी मला मार, मग बायकांकडे जा. साहेब, तो माणूस भित्रा नव्हता. हेही लिहा.

टिपणीस : लिहिलं.

सरूबाई : आठवड्यात धाकू गेला. पुढचं दीड वर्ष असं गेलं, की माझी सुलू दुसऱ्या पाळीहून स्टेशनावरून एकटी चालत घरी यायची. गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती ती. मी दारात उभी राहायचंसुद्धा सोडून दिलं होतं. दाजींनी शिस्त समिती केली. सात जण. त्यात बाई एकच, मी. आणि नळावरचा फळा तुम्ही येताना बघितला असेल.

टिपणीस : बघितला. खडूने खोल्यांचे नंबर लिहिलेत.

सरूबाई : ती कल्पना माझी.

टिपणीस : तुमची?

सरूबाई : शाळेत तसा फळा होता आमच्या. वर्गात कचरा केला की नाव लिहायचे, उचलला की पुसायचे. मी म्हटलं, भांडणापेक्षा हे बरं. सहा महिने ते खरंच बरं चाललं. कुणी गॅलरीत राख टाकली, नंबर लिहिला. झाडून काढली, पुसला. ज्याचा त्याने पुसायचा. मग दाजी म्हणाले, माणसं न झाडताच पुसतात, तेव्हा पुसायचं समितीने. त्यातही मला काही वावगं वाटलं नाही. मग नंबर यायला लागले, रेडिओ मोठा लावला. पाहुणा तीन दिवसांवर राहिला. दारात बोंबील वाळत घातले. समितीच्या माणसाला उलट बोलला. आणि ज्याचा नंबर फळ्यावर, त्याची हंडी रांगेत शेवटची. पाणी तासभर येतं, साहेब. ऐंशी खोल्या. शेवटची म्हणजे नाहीच.

टिपणीस : समितीत तुम्ही काही बोलला नाहीत?

सरूबाई : एकदा बोलले. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, सरूबाई, ढिलं सोडलं की धाकू येतो. आणि मग धाकू आलाच.

टिपणीस : परत?

सरूबाई : हात जोडून. दाजींच्या पाया पडला, म्हणाला सुधारलो. दाजींनी सगळ्यांसमोर त्याला उठवलं आणि त्याच्या गळ्यात शिट्टी घातली. तेव्हापासून नळाची रांग तो लावतो. ज्या ओट्यावर त्याची गिऱ्हाइकं पडायची, त्याच ओट्यावर उभा राहून.

टिपणीस : आता ह्युबर्टकडे या.

सरूबाई : ह्युबर्ट फिटर होता, कारखान्यात. वसाहतीतला एकेक स्टोव्ह त्याच्या हातून गेलेला. नळाचा वायसरसुद्धा तोच बदलायचा, तुमच्या ऑफिसातून माणूस येईपर्यंत कोण थांबतं? माणूस मस्करीखोर, पण डोळा साफ. कॉनी लहान होती, माझ्या सुलूहून चार वर्षांनी मोठी. मला सरूबाय म्हणायची. गेल्या नाताळाला तिच्या आईने उत्तनहून बरणी पाठवली होती, घरी केलेली वाइन. त्यांच्यात करतात, सणाला. एक पेला तिने मलाही आणून दिला होता.

टिपणीस : तुम्ही घेतलीत?

सरूबाई : घेतली. गोड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलेलं, सोळा, हातभट्टी. वास धाकूला आला म्हणे. ह्युबर्ट आधी हसला. मग बादली खाली ठेवलीन, पुढे गेला आणि ओल्या हाताने सगळा फळा पुसलान. आपलाच नाही, सगळ्यांचे नंबर. वळून म्हणाला, आमी सणाचं केलंय, इकाला न्हाय. भट्टी पायजे तर ज्याच्या गळ्यात शिट्टी हाय त्याला इचारा.

टिपणीस : रांगेतलं कुणी काही बोललं?

सरूबाई : धाकूने शिट्टीसुद्धा वाजवली नाहीन. दाजी त्यांच्या गॅलरीतून बघत होते. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून सोळा नंबरशी बोलायचं नाही, असं कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. संडासाला समितीने कुलूप घातलं, चावी प्रत्येक खोलीला दिली, सोळाला नाही. कॉनीला पाचवा लागलेला. ती मोरव्याच्या विहिरीवरून पाणी आणायची. एकदा दारापुढे मेलेली घूस, एकदा सगळ्या चाळीचा कचरा. मग फेब्रुवारीत ह्युबर्ट पाळीवरून येताना मिठागराच्या बांधावर पडला. दोन दात गेले. तोंडावर पडला म्हणे.

टिपणीस : तुम्हाला काय वाटतं?

सरूबाई : बांधावर पडलेल्या माणसाच्या पाठीवर वळ कसे उठतील? स्टोव्हवर मीठ तापवून कॉनी शेकत होती. खिडकीतून मी ते बघितलं आणि…

चंपा : सरूबाई, चाळण आहे का गो तुझी? माझी मेली जाळीच सुटलीय. अरे, साहेब अजून इथेच? बसा बसा, उठू नका. मी चंपा, सदूची मिसेस. सदू म्हणजे दाजींचा पुतण्या. तुम्हाला स्टेशनावर घ्यायला आला होता ना, तोच.

टिपणीस : नमस्कार. आमचं काम चाललंय.

चंपा : चालू दे ना, मी काय अडवते? पाय दुखतायत, इथेच टेकते जरा. काय सांगत होतीस गो? पाठीवर काय उठले?

सरूबाई : काही नाही. घामोळं. उकाडा किती आहे ते सांगत होते साहेबांना.

चंपा : हां, उकाडा तर आहेच. साहेब, तुम्ही फळा बघितला ना? दुसऱ्या कुठल्या वसाहतीत अशी शिस्त नाही बघा. कसली गडबड नाही, गोंधळ नाही. परवा शेजारच्या गावचे लोक येऊन बघून गेले, त्यांना पण अशी समिती पाहिजे.

टिपणीस : सरूबाई, समितीच्या कामाबद्दल तुमचं मत?

सरूबाई : चांगलं काम आहे. आधी बायकांना बाहेर पडता येत नव्हतं.

चंपा : हीच तर पहिली उठली होती. हिच्यावर दाजींचा किती जीव. कालच म्हणत होते, सरूबाईच्या सुलूला आता दिवस गेले असतील, महाडला कुणी जाणारं असेल तर आपण तिला काहीतरी पाठवू. पत्ता पण आहे त्यांच्याकडे.

टिपणीस : चंपाबाई, माझं एक काम कराल? मूळ अर्जाची नक्कल दाजींकडे असेल. ती मला हवीय. दाजींना सांगा, शोधून काढून ठेवा, मी निघताना घेतो.

चंपा : सदूला पाठवते ना.

टिपणीस : तुम्ही स्वतः जा. सरकारी कागद आहे, निरोप चुकायला नको.

चंपा : बरं. जाते. चाळण राहू दे गो, परत येते न्यायला.

टिपणीस : गेली. सरूबाई, सुलूला खरंच दिवस गेलेत?

सरूबाई : मलाच अजून ठाऊक नाही, साहेब. आता लिहा भराभर. तिथे जाऊन सांगून परत यायला तिला फार तर पंधरा मिनिटं लागतील.

टिपणीस : सहीबद्दल सांगा.

सरूबाई : मार्चमध्ये सुलूला बघायला महाडची माणसं यायची होती, रविवारी. चांगलं स्थळ, मुलगा एसटीत. त्याच्या आधीच्या बुधवारी फळ्यावर आलं, अकरा, मुलगी, उशिरा. पाळी सुटायला उशीर झाला होता, एवढंच. पण फळा नळावर आणि नळ वाटेवर. पाहुणे यायचे तर तिथूनच यायचे. मी दाजींकडे गेले. ते मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. खुर्ची दिली. म्हणाले, पोरगी आपली आहे, चुकतं लिहिणाऱ्याचंही. पुसू की. मग तो अर्ज पुढे ठेवला. तुम्ही समितीत आहात, तुमचं नाव वर हवं.

टिपणीस : तुम्ही वाचलात.

सरूबाई : दोनदा. दारू गाळतात, तिथे मला त्या वाइनची चव आठवली. बायांना वाईट बोलतात, तिथे कॉनीचं सरूबाय आठवलं. आणि सही केली. पेन त्यांचंच होतं. मी घरी पोचायच्या आत फळा पुसलेला होता.

टिपणीस : स्थळ जमलं?

सरूबाई : जमलं. मे महिन्यात लग्न झालं. पोरगी सुखात आहे. ते सुख मी कशाचं घेतलंय ते तिला माहीत नाही.

टिपणीस : अर्ज आमच्याकडे अकरा मार्चला आला. वीस मार्चला खोली रद्द.

सरूबाई : नऊ दिवस.

टिपणीस : हो. सध्या शिस्त हा शब्द असला की कागद कुठल्या टेबलावर थांबत नाही. कुणी थांबवत नाही.

सरूबाई : तुम्हीही नाही?

टिपणीस : माझ्या टेबलावरून गेला होता. मी शिक्का मारला. पुढे सांगा.

सरूबाई : ती दोघं रविवारी सकाळी चर्चला गेली होती. तेवढ्यात कुलूप तोडलं. हाणामारी नाही, ओरडा नाही. दाजी उभे राहून सांगत होते, काचेचं सांभाळून, देवाची तसबीर जमिनीवर ठेवू नका, खाटेवर ठेवा. सगळा संसार अंगणात मांडला. घरापेक्षा बाहेर नीट लावलेला दिसत होता. ती दोघं आली, चांगल्या कपड्यांत. दाजींनी ऑफिसचं पत्र वाचलं, मग अर्ज वाचला, मग नावं वाचली. माझ्यापासून सुरुवात.

टिपणीस : ह्युबर्टने विरोध केला?

सरूबाई : खाट उचलून आत न्यायला गेला. धाकूने आणि सदूने खाटेचं दुसरं टोक धरलं आणि दारात दाबलं. त्याची बोटं चौकटीत सापडली. उजव्या हाताची. तो ओरडला ते मिठागरापर्यंत गेलं असेल. मग खाट तिथेच टाकून हात काखेत धरून बसला.

टिपणीस : अर्जात आहे ते. तीन बोटं कामाची राहिली नाहीत. कारखान्याने कमी केलं त्याला.

सरूबाई : कॉनी रडली नाही. ती इथवर आली, या दारापर्यंत. पोट एवढं. म्हणाली, सरूबाय, मना पानी दे. माझ्या हातात भरलेली कळशी होती, साहेब. आत्ताच नळावरून आणलेली. गॅलरीत साठ माणसं उभी. धाकू म्हणाला, नळाची वेळ संपली. आणि मी कळशी घेऊन आत आले. दार लावलं नाही. उघड्या दारात उभी राहून तिच्याकडे पाठ केली.

टिपणीस : आणि ती?

सरूबाई : तिचं पुढे काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं धाडस नाही. तुमच्या कागदात आहे का काही?

टिपणीस : आहे. सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी. अशक्त आहे, पण जगली.

सरूबाई : जगली.

टिपणीस : हो. सरूबाई, आता एक विचारतो. हे सगळं सहा महिन्यांपूर्वीचं. आज सांगावंसं का वाटलं? कॉनीबाईंच्या अर्जातल्या त्या ओळीमुळे?

सरूबाई : ती ओळ तुम्ही आत्ता वाचलीत. मी त्याआधीच ठरवलं होतं. सोळा नंबरमध्ये आता कोण राहतं ते दाजींनी सांगितलं तुम्हाला?

टिपणीस : म्हणाले, रिकामी आहे. वाचनालय करायचंय.

सरूबाई : ती समितीची खोली आहे. दुपारी, पुरुष कामावर गेले की एखाद्याला बोलावणं येतं. दार लावून घेतात. आवाज फारसा येत नाही, तेच वाईट. गेल्या मंगळवारी विमलाबाईला बोलावलं. जिच्या डोक्यात धाकूच्या गिऱ्हाइकाने बाटली घातली होती ना, ती. मासळी घ्यायला उत्तनला गेली होती, तिथे बाजारात कॉनीशी बोलली, एवढा गुन्हा. तासाभराने बाहेर आली ती पदर कपाळापर्यंत ओढून. मी पुढे गेले, हात धरला, तर पदर सरकला. केस कापले होते, साहेब. वेडेवाकडे, मुळापासून. ते सात टाके उघडे दिसत होते.

टिपणीस : कुणी?

सरूबाई : तिला विचारा. सांगणार नाही. खिडकी लावून बसलीय, नवऱ्यालाही म्हणते उवा झाल्या होत्या म्हणून मीच कापले. संध्याकाळी धाकू केसांचा केर भरून मिठागरावर टाकताना मी बघितला. मी समितीत आहे ना, त्यामुळे माझ्यासमोर लपवत नाहीत. बायका तीस होतो त्या दिवशी. आता एकीला बोलावलं तर बाकीच्या एकोणतीस जणी दारं लावून घेतात. मीही लावलं होतं, आवाज आला तेव्हा. नंतर उघडलं.

टिपणीस : मी लिहिलंय ते वाचून दाखवतो. 'समितीचे लोक वसाहतीत दहशत…'

सरूबाई : द्या, मीच वाचते. इथे तुम्ही लिहिलंय, सही दबावाखाली घेतली.

टिपणीस : तुमच्या बाजूने आहे ते. कायद्यात त्याला किंमत आहे.

सरूबाई : दबाव फळ्यावरच्या एका ओळीचा होता. तो फळा मी आणलेला. असं करा, अर्ज खोटा आहे हे माहीत असून सही केली, असं लिहा.

टिपणीस : त्याने तुमच्यावरही येऊ शकतं. तुमचीसुद्धा खोली आहे. मालकांना विचारलंत का?

सरूबाई : त्यांनी सकाळी जाताना हात जोडले, काही बोलू नकोस म्हणाले. संध्याकाळी येतील तेव्हा सांगेन त्यांना. खोली गेली तर गेली. आम्ही झोपड्यात राहिलेली माणसं आहोत.

टिपणीस : दुसरा एक मार्ग आहे. मी नाव घालत नाही. 'वसाहतीतील एका रहिवाशाच्या सांगण्यानुसार' असं करतो. तेवढं मला करता येतं.

सरूबाई : मग तुमचे साहेब विचारतील, साठ सह्यांपुढे हा एक रहिवासी कोण? आणि कागद तिथेच राहील. राहील ना?

टिपणीस : राहील.

सरूबाई : मग नाव घाला. कुठे करू सही?

टिपणीस : ती दबावाची ओळ तुम्ही म्हणता तशी बदलली. इथे खाली. आणि कार्बनखालच्या या दोन प्रतींवर.

सरूबाई : तीन कशाला?

टिपणीस : एक फाइलला. एक वरच्या साहेबांना.

सरूबाई : आणि तिसरी?

टिपणीस : सरूबाई, हे मी आधी सांगायला हवं होतं. तुमची समिती आमच्याकडे नोंदलेली आहे. रहिवाशांचे प्रतिनिधी म्हणून. त्यांच्याविरुद्ध जबाब झाला की त्याची एक प्रत त्यांना द्यावी लागते, खुलाशासाठी. नियम आहे.

सरूबाई : कधी द्यावी लागते?

टिपणीस : आजच. निघताना. पोच घ्यावी लागते. तुम्ही अजून सही केलेली नाही. नाही केलीत तर मी हा कागद खिशात घालून जाईन, कुणाला काही कळणार नाही.

सरूबाई : चंपा येतेय. पायरीवर चपला वाजतायत तिच्या. द्या ते पेन.

टिपणीस : नीट विचार करा.

सरूबाई : झाल्या तिन्ही. त्यांची प्रत कुठली? ही खालची? यावर अक्षरं पुसट उमटलीत, साहेब. जरा गिरवून द्या. दाजींना आताशा चष्म्याशिवाय दिसत नाही.